शेजारच्या प्लॉटवर रान माजलंय, मालक परदेशात

प्रश्न : आम्ही साताऱ्यात एका जुन्या ले-आऊटमध्ये राहतो. आमच्या घराला लागून पाच गुंठ्यांचा मोकळा प्लॉट आहे. मालकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी पायासाठी खड्डे खणले, मग काम थांबलं आणि ते मुलाकडे परदेशात गेले. आता तिथे गाजर गवत आणि घाणेरी माजली आहे. खड्ड्यांत पावसाचं पाणी साठतं. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना डेंग्यू झाला. दोनदा अंगणात घोणस निघाली. एक सुबाभूळ आमच्या भिंतीवर झुकली आहे आणि भिंतीला तडा गेला आहे. नगरपरिषदेत तोंडी सांगून झालं. आमचे हे म्हणतात, आपणच साफ करून भाजीपाला लावू. मुलगा म्हणतो, उन्हाळ्यात पेटवून देऊ. कायद्याने काय करता येईल?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, आधी जे करायचं नाही ते सांगतो, कारण घरात दोन्ही बेत शिजत आहेत.

पेटवू नका. वाळलेल्या गवताची आग वाऱ्यावर कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि कुणाचं नुकसान झालं तर ते तुमच्या माथी येईल. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली असून साध्या प्रकारालाही पाच हजार रुपयांची भरपाई ठरवली आहे. भाजीपालाही लावू नका. मालक परदेशात असला तरी जमिनीचा ताबा त्याचाच मानला जातो. परवानगीवाचून आत शिरून लागवड केली की आजवर तक्रारदार असलेले तुम्ही अतिक्रमण करणारे ठरता. पुढच्या प्रत्येक अर्जाला मग एकच उत्तर येईल : यांचा डोळा प्लॉटवर आहे.

आता तुमच्या बाजूचं. दुसऱ्याचं आवार दिसायला वाईट आहे, एवढ्यावरून कायदा हलत नाही. ज्याची जागा त्याने ती ओसाड ठेवावी, हा त्याचा अधिकार आहे. पण त्या ओसाडीतून डास, साप किंवा पडायला आलेलं झाड शेजाऱ्याच्या अंगावर येऊ लागलं, की त्याला कायद्यात ‘उपद्रव’ म्हणतात आणि तिथे मालकाचा अधिकार संपतो. म्हणून अर्जात ‘घाण आहे, बघवत नाही’ असं लिहू नका. सासूबाईंचा रक्ताचा अहवाल, खड्ड्यातल्या पाण्याचे आणि तड्याचे तारखेनिशी फोटो, साप निघाल्याच्या तारखा, असं लिहा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून पुरा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे एक चांगला पाऊस आणि दीड आठवड्याची उघडीप एवढंच हवं. ही गोष्ट अर्जात जरूर घाला.

मालक शोधणं हे पहिलं काम. नगर भूमापन कार्यालयातून प्लॉटचं मालमत्ता पत्रक काढा. भूमापन झालेलं नसेल तर सातबारा काढा. तो महाभूलेखवरही पाहता येतो. नाव मयताचं असेल आणि वारसनोंद झालेली नसेल, असं फार ठिकाणी आढळतं. अशा वेळी ठाऊक असलेल्या प्रत्येक वारसाला पत्र पाठवा. नगरपरिषदेच्या कर विभागातही विचारा. मोकळ्या जागेवर कर लागतो, तो भरणारं कुणीतरी असतं, आणि पुष्कळदा तो पुण्या-मुंबईतला एखादा भाऊ किंवा मेहुणा निघतो.

मालकाला पाठवायच्या पत्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. लांब राहणाऱ्या मालकाला गवताची फिकीर नसते, त्याला धास्ती असते ताब्याची. आज साफसफाईला हो म्हटलं तर उद्या हे लोक बारा वर्षांच्या कब्जाने मालकी मिळाल्याची गोष्ट काढतील, या भीतीने तो फोनच उचलत नाही. ही भीती तुम्हीच घालवा. पत्रात लिहा : ‘जमीन आणि ताबा तुमचाच आहे, आमचा त्यावर कसलाही हक्क नाही आणि आम्ही तो कधी सांगणार नाही. आपण माणूस लावून जागा साफ करून घ्यावी. ते जमत नसेल तर अमुक तारखेला आमच्या देखरेखीखाली साफसफाई करायची लेखी परवानगी द्यावी. खर्चाची पावती पाठवू.’ पंधरा दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टने पाठवा, ईमेल असेल तर त्यावरही, आणि पोचपावती जपून ठेवा. दोषारोप एकही नको. खूप पूर्वी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी पहिल्याच पत्रात शेजाऱ्याचं सगळं खानदान काढलं होतं. जे काम एका दुपारचं होतं त्याला सहा वर्षं लागली.

सुबाभूळ मात्र वेगळी हाताळा. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या आपल्याच बाजूने छाटता येतात, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात मान्य केलं आणि आपली न्यायालयंही सर्वसाधारणपणे त्याच वाटेने गेली. पण महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून कापणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सारं त्यात येतं. म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, भिंतीचे फोटो जोडा आणि पाहणी करायला लावा. छाटलेलं लाकूड मालकाचं असतं, ते विकू नका.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज. तुमचं तोंडी सांगणं नोंदीत कुठेच नाही, त्यामुळे कायद्याच्या नजरेत तुम्ही अजून तक्रारच केलेली नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात आल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. आरोग्याला अपाय करणारं पाणी आणि झाडझुडूप हटवण्याची नोटीस मालकाला देणं, त्याने ऐकलं नाही तर स्वतः काम करून खर्च त्याच्याकडून वसूल करणं, हे अधिकार नगरपरिषदेला आहेत. महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका : माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. या एका प्रश्नाने फायली जागच्या हलतात.

त्याही पुढचं दार प्रांताधिकाऱ्यांचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, त्यांना सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश द्यायला मुभा देतं. पडायला आलेलं झाड आणि रस्त्यालगतचा उघडा खड्डा यांचा त्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. पण उपद्रव सार्वजनिक हवा. तेव्हा हा अर्ज एकट्याने करू नका, गल्लीतल्या आठ-दहा घरांच्या सह्या घ्या. शाळेत जाणारी मुलं त्या खड्ड्यावरून जात असतील तर तेही लिहा.

नगरपरिषद पैसे नाहीत म्हणाली तर रतलामचं उदाहरण द्या. मध्य प्रदेशातल्या त्या गावात उघड्या गटारांनी आणि डासांनी त्रासलेले रहिवासी याच १३३ कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. निधी नसल्याची सबब पुढे करत नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती सबब फेटाळली आणि काम करायला लावलं. साध्या रहिवाशांनी मिळवलेला तो निकाल आजही चांगला कायदा आहे.

दिवाणी दावा शेवटी ठेवा. भिंतीची भरपाई आणि खड्डे बुजवण्याचा हुकूम तिथे मागता येतो. उपद्रव चालू आहे तोवर मुदतीची अडचण येत नाही, कारण मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ती रोज नव्याने सुरू होते. पण प्रतिवादी परदेशात असला की समन्स बजावण्यातच महिने जातात. तरी त्या पायरीवर आलातच, तर वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं. म्हणूनच दावा आणि मदतीचा अर्ज तुमच्या नावाने करा.

घोणस पुन्हा निघाली तर मारू नका, तो गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा.

एक गोष्ट मात्र थांबणारी नाही. गाजर गवत १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं, एकेक रोप हजारो बी टाकतं, आणि त्याच्या परागांनी दमा व अंगावर खाज येते. घरात डेंग्यूतून उठलेल्या सासूबाई आहेत. पाऊस तोंडावर आला आहे. मालकाला पत्र याच आठवड्यात पाठवा.