बेसिनखालचा अदृश्य धोका

रुग्णालयात पाऊल टाकताच जंतुनाशकाचा वास येतो आणि पुसलेली फरशी दिसते. स्वच्छतेच्या या खुणांनी रुग्णाच्या नातेवाइकांना धीर येतो. परंतु रोगजंतूंचे एक ठिकाण सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. ते असते हात धुण्याच्या बेसिनखाली.

जंतूंचे वसतिस्थान

बेसिनखालच्या नळीला बाक दिलेला असतो. त्यात थोडे पाणी कायम साठून राहते व त्यामुळे गटाराची दुर्गंधी वर येत नाही. मात्र याच ओलाव्यात जंतू वाढतात आणि नळीच्या आत बुळबुळीत थर तयार करतात. या थराला 'जैवपटल' म्हणतात. त्यातील जंतूंपर्यंत जंतुनाशक द्रव्य पुरेसे पोहोचत नाही. शिवाय औषधांना दाद न देण्याचा गुणधर्म एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो.

जंतू वर कसे येतात?

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोषक द्रव्य मिळताच नळीतील जंतूंचा थर दररोज सुमारे अडीच सेंटिमीटर वर सरकला आणि आठवडाभरात बेसिनच्या जाळीपर्यंत पोहोचला. नळाची धार जाळीवर पडली, की जंतू तुषारांबरोबर आजूबाजूला उडतात. अशक्त रुग्णाला एवढे निमित्तही घातक ठरू शकते.

दिल्लीतील अनुभव

२००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णाच्या शरीरात 'एनडीएम-१' हे जनुक असलेले जंतू आढळले. या रुग्णाने पूर्वी नवी दिल्लीत उपचार घेतले होते. या जनुकामुळे जंतू अखेरचा उपाय म्हणून दिली जाणारी प्रतिजैविकेही निष्प्रभ करतात. २०१० मध्ये दिल्लीतील साचलेल्या पाण्याचे १७१ व नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी अनुक्रमे ५१ व २ नमुन्यांत हे जनुक सापडले. दिल्लीचे नाले यमुनेला मिळतात आणि यमुना पुढे नोएडाच्या काठाने वाहते. म्हणजेच सांडपाण्यातील धोका रुग्णालयाच्या भिंतींआड किंवा एका शहरात अडून राहत नाही.

उपाय

या कारणास्तव हात धुणे टाळणे मात्र चुकीचे ठरेल. हात धुतल्याने असंख्य रुग्णांचे प्राण वाचतात. बेसिनचा उपयोग केवळ हात धुण्यासाठी करावा. उरलेला चहा, दूध किंवा सलाईन त्यात ओतल्यास जंतूंना आयते अन्न मिळते. औषधे व रुग्णाचे सामान बेसिनच्या कडेला ठेवू नये. नळाची धार थेट जाळीवर पडणार नाही, अशी रचना असावी. तुंबलेल्या बेसिनची माहिती परिचारिकेला त्वरित द्यावी. रुग्णालयात येणारे पाणी जितके महत्त्वाचे, तितकेच तेथून वाहून जाणारे पाणीही महत्त्वाचे असते.

पाठावरील प्रश्न

१. जैवपटल म्हणजे काय?
२. बेसिनमध्ये चहा किंवा दूध का ओतू नये?
३. रुग्णासोबत राहणाऱ्या व्यक्तीने कोणती काळजी घ्यावी, ते चार-पाच वाक्यांत लिहा.