पोटावरची खूण

डॉक्टर म्हणाले, "लघवीची पिशवी काढावी लागेल आणि मग पिशवी लावावी लागेल." बायकोने घाबरून विचारलं, "काढायची आणि परत तीच लावायची?" आमच्या मोहने गावात 'पिशवी काढली' म्हटलं, की बाईचं गर्भाशय काढलं असं समजतात. मूत्राशयालाही पिशवीच म्हणतात आणि पोटावर चिकटवतात तीही पिशवीच. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ आहेत. त्या दिवशी दवाखान्यात आम्हाला कोणी ते सुटे करून सांगितले नाहीत आणि आम्हीही विचारले नाहीत. माझ्या चुकीची सुरुवात तिथे झाली. अशाच वळणावर उभ्या असलेल्या कोणाला तरी उपयोग होईल, म्हणून हे लिहितो आहे.

मी एनआरसी कंपनीत शिफ्टला होतो. २००९ साली कंपनी बंद पडली, तेव्हापासून मिळेल तिथे वॉचमनची नोकरी केली. तीस वर्षं बिडी ओढली. बिडी छातीला लागते एवढंच ठाऊक होतं. तंबाखूतली विषं रक्तातून मूत्रपिंडात येतात, लघवीत उतरतात आणि ती लघवी तासनतास मूत्राशयात साठून राहते, हे आजार झाल्यावर कळलं. एका सकाळी लघवी लाल झाली. दुखलं काहीच नाही. उष्णता झाली म्हणून सब्जा घेतला, धने-जिऱ्याचं पाणी प्यालो. दोन दिवसांत लाली गेली आणि मी विसरून गेलो. तिसऱ्यांदा रक्त आलं तेव्हा चार महिने उलटले होते. न दुखता लघवीतून रक्त एकदा जरी गेलं, तरी डॉक्टरांना दाखवा. ते आपोआप थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही.

दुर्बिणीतून गाठ खरवडली. तपासणीत कळलं, की कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला आहे. आधी केमो आणि मग मूत्राशय काढायचं, असं ठरलं. मूत्राशय गेलं तरी मूत्रपिंडं लघवी तयार करतच राहतात, तिला वाट हवी. त्यासाठी माझ्यापुढे दोन मार्ग ठेवले.

पहिल्या मार्गात लहान आतड्याचा साधारण १५ सेंटिमीटरचा तुकडा घेतात, दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडतात आणि त्याचं तोंड नाभीच्या उजवीकडे पोटावर काढतात. या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यातून लघवी सतत ठिबकत राहते आणि वर चिकटवलेल्या बॅगेत जमते. अमेरिकेतल्या ब्रिकर नावाच्या सर्जनने १९५० साली ही पद्धत मांडली आणि आजही जगभर तीच सर्वाधिक वापरली जाते. दुसऱ्या मार्गात आतड्याचा अर्धा मीटरभर किंवा त्याहून लांब भाग घेऊन त्याची गोल पिशवी शिवतात आणि ती आत, मूळच्या मूत्रमार्गालाच जोडतात. बाहेर काही दिसत नाही, लघवी नेहमीच्या वाटेने होते. तिसराही एक मार्ग असतो. त्यात आत पिशवी असते, पोटावर छोटं भोक असतं आणि दर चार-सहा तासांनी नळी घालून ती रिकामी करायची असते. तो माझ्यासमोर ठेवला नाही.

मी ऐकताक्षणी म्हणालो, "आतलीच करा." पोटावर लघवी घेऊन लोकलमध्ये कसं बसायचं, लग्नकार्यात कसं जायचं, एवढंच डोक्यात होतं. लाज वाटली आणि त्या लाजेनेच निर्णय घेतला. डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न आतलीचा करू, पण ऑपरेशनमध्ये बदलावं लागू शकतं." ते वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक सिस्टर मार्कर घेऊन आली. "काका, शर्ट वर करा, स्टोमाच्या जागेची खूण करायची आहे." मी म्हणालो, "माझ्या पोटावर बॅग येणारच नाही, मग खूण कशाला?" ती एकदा म्हणाली, "करून ठेवलेली बरी." मी नकारार्थी मान हलवली. वॉर्डात गर्दी होती, ती पुढच्या खाटेकडे गेली. पुन्हा कोणी मला विचारलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या कुशीला ओलसर, कोमट काहीतरी लागत होतं. हात लावला तर प्लास्टिक. मूत्राशय काढल्यावर मूत्रमार्गाच्या टोकाचा तुकडा टेबलावरूनच तपासायला पाठवतात. माझ्या तुकड्यात कर्करोग निघाला. अशा मूत्रमार्गाला नवी पिशवी जोडता येत नाही. सर्जननी योग्य तेच केलं, जीव वाचवला. पण खूण नव्हती. भूल दिलेला माणूस उताणा झोपलेला असतो, पोट सपाट असतं. उठून बसल्यावर कुठे वळी पडते, पँट कुठे बांधली जाते, हे त्या वेळी कोणाला दिसणार?

माझा स्टोमा नेमका वळीत आला. उभा असताना ठीक, पण मांडी घालून बसलो की पोटाची घडी त्याच्यावर बसायची, चिकटपट्टीची कड उचलली जायची आणि लघवी बाजूने झिरपायची. जी बॅग तीन-चार दिवस टिकायला हवी, ती दिवसातून दोनदा बदलावी लागे. कातडी सोलून निघाली. सोललेल्या ओल्या कातडीवर पट्टी धरत नाही, म्हणून आणखी गळती. एकदा आंबिवलीहून कल्याणला निघालो होतो. शहाड यायच्या आत पँट भिजली. सीटवरून उठलो आणि कल्याणपर्यंत दाराशी, लोकांकडे पाठ करून उभा राहिलो. त्यानंतर मी पाणी कमी केलं. पाणी कमी तर लघवी कमी, लघवी कमी तर गळती कमी, असा माझा हिशेब. तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप भरला, जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आठ दिवस पुन्हा खाटेवर काढले.

पुढे मुंबईतल्या एका स्टोमा क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या बाईंनी मला आधी झोपवलं नाही, खुर्चीवर बसवलं, मग जमिनीवर. म्हणाल्या, "तुम्ही घरात जसे बसता तसे बसा." मी मांडी घातली. त्यांनी खाली वाकून वळी बघितली, कागदी मापाने स्टोमा मोजला. सूज उतरून तो लहान झाला होता आणि मी अजून पहिल्या आठवड्याच्या मापाचंच भोक कापत होतो. त्यांनी आतून फुगीर असलेली चकती दिली, वळीत भरायला लेप दिला, कमरेला इलॅस्टिकचा पट्टा दिला, पँटला पट्ट्याऐवजी गॅलस लावायला सांगितलं. बॅग तीन दिवस टिकली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी सलग झोपलो.

आता तुमच्यासाठी.

एक मार्ग निवडा, पण दुसऱ्याचीही तयारी ठेवा. आतली पिशवी ठरली असली तरी ऑपरेशनमध्ये बेत बदलू शकतो. "आतली झाली नाही तर काय करणार?" हा प्रश्न घरच्यांसमोर विचारा. उत्तर कळलं असेल तर शुद्धीवर येताना धक्का बसत नाही.

खूण करून घ्याच. झोपून, बसून, उभं राहून, वाकून, आणि आपल्याकडे मांडी घालूनही पोट तपासायला सांगा. नमाज पढत असाल, बादल्या उचलत असाल, शेतात वाकत असाल, तर तसं करून दाखवा. पँट किंवा परकराची नाडी जिथे बांधता ती जागा, जुने व्रण, वळ्या, नाभी टाळायच्या असतात. स्टोमा तुमचा तुम्हाला दिसला पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर जागा थोडी वर घेतात. खूण आंघोळीत पुसणार नाही अशी असावी. या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आतली पिशवी हवी असेल तर तिचे रोजचे हाल-हवाल आधी विचारा. मूत्रपिंडं चांगली असावी लागतात, कारण आतड्याचं अस्तर लघवीतले क्षार पुन्हा शोषतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. लघवी लागल्याची जाणीव पूर्वीसारखी होत नाही, घड्याळ लावून जावं लागतं. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पोटावर जोर देऊन ती रिकामी करायला शिकावं लागतं. रात्री झोपेत गळणं बऱ्याच जणांना होतं. उलट काहींची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, बायकांमध्ये हे जास्त, मग नळी घालून काढावी लागते. म्हणून नळी घालायला ऑपरेशनच्या आधीच तयार असायला हवं. हात थरथरत असतील, नजर कमी असेल, तर हे मोकळेपणाने बोला. हे सगळं निभावून आनंदाने जगणारी माणसं आहेत. पण त्यांनी आधी विचारलं होतं.

बाहेरची बॅग घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. स्टोमा लाल आणि ओला असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा. पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. लघवीत शेंबडासारखे पांढरे धागे दिसतात, आतड्याची ती सवयच. बॅग सकाळी चहापाण्याच्या आधी बदला, तेव्हा लघवी सर्वांत कमी असते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा आणि पहिले सहा-आठ आठवडे पुन्हा पुन्हा मोजा. रात्री मोठी बॅग नळीने जोडा. पाणी कमी करू नका. तपासणीसाठी बॅगेत साठलेली लघवी देऊ नका, तिच्यात जंतू असणारच. ताप नसताना केवळ त्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी आपल्या सर्जनना विचारा.

मार्ग कोणताही असो, तपासण्या आयुष्यभराच्या आहेत. मूत्रपिंडांची सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि आतड्याचा भाग वापरलेला असल्यामुळे बी-१२ जीवनसत्त्वसुद्धा. पुरुषांचं प्रोस्टेट आणि बायकांचं बहुधा गर्भाशयही याच ऑपरेशनमध्ये जातं. नवरा-बायकोच्या संबंधांवर काय परिणाम होईल, हे दोघांनी बसून डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारलं नाही आणि पुढे दोन वर्षं आपसातही बोललो नाही. काही रुग्णांना मूत्राशय राखून किरणोपचार आणि केमो देता येतात. ते आपल्याला लागू आहे का, हाही प्रश्न हक्काचा आहे.

पैशांचाही हिशेब मांडा. आठवड्याला दोन बॅगा म्हणजे महिन्याला आठ-दहा, आणि ते जन्मभर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का आणि बॅगांचा खर्च कोण करणार, ते रुग्णालयातल्या समाजसेवकांना आधीच विचारा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, कागद जवळ ठेवा. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. निर्णयाआधी बॅग असलेला एक माणूस आणि आतली पिशवी असलेला एक माणूस, दोघांना भेटा. डॉक्टर ऑपरेशन समजावतील, पण दिवस कसा जातो ते हेच सांगू शकतील.

मी आज बरा आहे, कर्करोग परत आलेला नाही. बॅगेची लाज गेली. तिच्यामुळे मी जिवंत आहे. स्टोमाची जागा दुसरं ऑपरेशन करून बदलता येते, पण या वयात मला ते नको वाटलं. घरातले सगळे जमिनीवर पंगतीला बसतात तेव्हा मी खुर्चीवर जेवतो. सात वर्षं झाली.

आदल्या संध्याकाळी सिस्टर मार्कर घेऊन आली, तर शर्ट वर करा. आणि ती आली नाही, तर तिला बोलावून घ्या.