वाऱ्याखाली उभं राहायचं

अरे, परवा फोनवर तू विचारलंस, “मावशी, कुठली लेन्स घेऊ?” लेन्सचं सांगतेच, पण आधी वाऱ्याचं. लहान शिडाच्या होडीकडे शर्यतीत वाऱ्याशिवाय दुसरं काही नसतं, आणि फोटोत तोच दिसायला हवा. गेटवेच्या धक्क्यावर पोचलास की पहिल्यांदा झेंडे बघ. नांगरावर उभ्या असलेल्या लाँचींवर विसंबू नकोस. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे नांगरावरची बोट पुष्कळदा वाऱ्याकडे नाही, प्रवाहाकडे तोंड करून असते. माझी पहिली दोन वर्षं हे न कळण्यात गेली.

थंडीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, साधारण ईशान्येकडून. दुपारकडे तो पडतो, पाणी तेलासारखं सपाट होतं, आणि सगळे कंटाळून पाण्याच्या बाटल्या काढतात. तेव्हा तू कॅमेरा खाली ठेवू नकोस. वायव्येकडे बघत राहा. पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा सरकत येताना दिसेल. तो खारा वारा. तो पहिल्या शिडाला भिडायच्या दोन-तीन सेकंद आधी कॅमेरा डोळ्याला लागलेला हवा. शीड फुगतं, होडी कलते, मुलं धावत कडेवर येऊन मागे वाकतात. सगळं एकदम घडतं. ते दिसल्यावर कॅमेरा उचललास, तर उशीर झालेला असतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपली लाँच होड्यांच्या वाऱ्यावरच्या बाजूला कधीही नेऊ द्यायची नाही.

हे मी एका मुलीकडून शिकले. ती ऑप्टिमिस्टमध्ये होती. 2.36 मीटरची ती छोटी होडी, एकटं मूल चालवतं, 15 वर्षांपर्यंतचं. ती पहिल्या तिघांत होती आणि मला तिचा चेहरा हवा होता. मी तांडेलला म्हटलं, अजून जवळ घ्या. त्यांनी घेतली. आमची लाँच तिच्या आणि वाऱ्याच्या मधे आली आणि तिचं शीड लटकं पडलं. मागच्या दोन होड्या पुढे निघून गेल्या. ती काही बोलली नाही, फक्त एकदा वर आमच्याकडे बघितलं. तो फोटो माझ्याकडे आहे, कुणाला दाखवला नाही. परतताना तांडेल म्हणाले, “ताई, आपण त्यांच्या पाण्यात पाहुणे. वाऱ्याखाली राहायचं.” तुला देण्यासारखं माझ्याकडे जे आहे, त्यात हे पहिलं.

आणि गंमत बघ, फोटोसाठीही तीच जागा चांगली. होडी वाऱ्याच्या विरुद्ध वर जात असते तेव्हा माणसं वाऱ्याच्या बाजूच्या कडेवर, आत तोंड करून बसलेली असतात. वाऱ्यावरून बघितलंस तर पाठी दिसतील. वाऱ्याखालून, थोडं पुढून तिरकं बघितलंस, तर शिडाखालच्या फटीतून चेहरे दिसतील. वारा पाठीवर घेऊन होड्या खाली येतात तेव्हा तर सगळा ताफा फुगलेल्या शिडांनी तुझ्याच दिशेनं येतो. म्हणून खालच्या बोयाच्या पलीकडे, वाऱ्याखाली, भरपूर अंतर ठेवून थांब. बोयाला वळसा घालून सगळे पुन्हा वर निघून जातात, तुझ्याकडे कुणी येत नाही. तिथे एकाच वेळी पाच-सहा होड्या बोयाशी दाटतात, आतल्या बाजूचा खेळाडू जागा मागतो, दोऱ्या सपासप ओढल्या जातात. शर्यत खऱ्या अर्थानं बघायची तर तिथे. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवायला सांग. लाँचीची लाट लहान होडीला वाऱ्याइतकीच त्रास देते. आणि सकाळची ब्रीफिंग चुकवू नकोस. रेस ऑफिसरला जाऊन नमस्कार कर, कुठे थांबू म्हणून विचार.

यात एक अडचण आहे, ती आपल्या बंदराची. सकाळी वारा पूर्वेच्या अंगानं आणि सूर्यही पूर्वेला. दुपारी वारा पश्चिमेच्या अंगानं आणि सूर्यही तिकडे कललेला. म्हणजे वाऱ्याखाली उभं राहिलं की उजेड डोळ्यांवर. पुस्तकं सांगतात, सूर्य पाठीशी ठेवा. इथे तसं केलंस तर वारा अडवशील. म्हणून मुंबईत हा छंद करणाऱ्यानं समोरच्या उजेडात फोटो काढायला शिकलंच पाहिजे. त्यातही सुख आहे रे. कापडी शीड मागून उजळलं की त्यातली प्रत्येक शिवण, प्रत्येक पट्टी दिसते. एंटरप्राइज वर्गाची निळी शिडं तर पेटल्यासारखी होतात. फक्त चकाकत्या पाण्यामुळे कॅमेरा फसतो आणि चेहरे काळे करतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉपनं वाढव. डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैर्ऋत्येला झुकतो आणि वारा वायव्येचाच असतो. मग उजेड बाजूनं मिळतो. तो महिना-दीड महिना घरी बसू नकोस.

लेन्स म्हणशील तर 100–400 किंवा 70–300 ची झूम पुरे. शटर 1/1000 च्या खाली नको, पाणी उडत असेल तर 1/2000. फोकस सतत चालणारा ठेव. होडीच्या पुढे जागा सोड, तिला जायचंय तिकडे. क्षितिज सरळ ठेव. होडी कललेली दिसायला समुद्र सपाट हवा. लेन्स समुद्रावर बदलायची नाही. खारं पाणी उडालं तर कोरड्या कापडानं घासू नकोस, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानं टिप. पावसाळ्यात शर्यती बंद असतात तेव्हा कॅमेरा कपाटात कोंडलास, तर लेन्सला बुरशी येईल. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बस.

इंग्लंडातल्या काऊज गावचे फ्रँक बेकन हे औषधदुकानदाराच्या घरातले. शिडाच्या बोटींच्या छायाचित्रणात त्यांचं नाव फार मोठं. त्यांच्या पेटीच्या कॅमेऱ्याचं शटर दातांनी रबरी फुगा दाबून उघडायचं, म्हणजे दोन्ही हात कॅमेरा धरायला मोकळे. लाँच हलली की मला ते आठवतात. दोन्ही हात कॅमेऱ्यावर, बूड उशीवर, आणि गुडघे सैल. कठड्याला टेकू नकोस, इंजिनाची सगळी थरथर तिथून चढते.

व्हिडिओला तर हे दुप्पट लागू. तुझ्या मागच्या चित्रणात मी बघितलं, तू होडीमागे कॅमेरा फिरवतच राहतोस. चौकट धरून ठेव, होडीला आत येऊ दे, बाहेर जाऊ दे. मनात दहा मोज. सेकंदाला 50 फ्रेम, शटर 1/100. माइकवर केसाळ आवरण घाल, नाहीतर वाऱ्याच्या घोंघाटाशिवाय काही ऐकू येणार नाही. आणि आवाज हवेतच: शिडांची फडफड, कप्पीची करकर, मुलांच्या हाका. स्टार्टच्या आधी पाच मिनिटांपासून चित्रण सुरू कर. पाचला वर्गाचा झेंडा, चारला तयारीचा झेंडा, एक मिनिट उरलं की तो खाली, आणि मग सुरुवात. त्या पाच मिनिटांत होड्या एकमेकींभोवती घिरट्या घालतात, घड्याळं बघितली जातात, कुणी ओरडतं, कुणी अगदी गप्प होतं. शर्यतीचं अर्धं नाट्य तिथे आहे. रेषेच्या एका टोकाबाहेर, रेषेत बघता येईल असा थांब, म्हणजे कोण आधी ओलांडलं तेही दिसेल.

पण कुणी पालक तुझा फोटो तक्रारीत पुरावा म्हणून मागायला आले, तर सावध राहा. लांबच्या लेन्समध्ये अंतर आक्रसतं. पाच मीटरचं अंतर असलेल्या होड्या फोटोत एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. हे त्यांना स्पष्ट सांग. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नकोस. नौदलाच्या गोदीकडे आणि युद्धनौकांकडे लेन्स वळवायची नाही, आणि ड्रोनचा विषय या बंदरात काढायचाच नाही.

1982 च्या एशियाडच्या शिडांच्या शर्यती इथेच, मुंबईच्या समुद्रात झाल्या. फायरबॉल वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण जिंकलं. जिंकणाऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. तू शेवटची होडी आत येईपर्यंत थांब. तिच्या शिडावरचा नंबर टिपून ठेव, आणि फोटो त्या मुलाच्या हातात छापून दे.

रविवारी येतोस ना? भरतीची वेळ बघून ये, टोपीला दोरी बांध, लाइफ जॅकेट अंगातच असू दे. उशी मी आणते.