कच्चे मडके, पक्के मडके

एका आषाढीच्या वाटेवर नातेपुत्याच्या मुक्कामी घडलेली ही गोष्ट आहे. रात्रीचे कीर्तन आटोपले होते. बुवांनी त्या रात्री असे निरूपण केले की, संकट हाच माणसाचा खरा गुरु. यश माणसाला आंधळे करते. मंडळींनी माना डोलाविल्या. पुढे सारे पालात येऊन आडवे झाले, तेव्हा आमच्या दिंडीतले एक म्हातारे माळकरी घोंगडी अंगावर ओढता ओढता म्हणाले, “माउली, बुवा बोलले ते गोड वाटलं. पण संकटानंच माणूस शहाणा होत असंल, तर आमचं गाव कवाच शहाणं व्हाया पाहिजे हुतं. तीन साल पाऊस नाय. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात नेली. शहाणपण काय दिसंना. भाऊभाऊ बांधावरनं एकमेकांच्या अंगावर धावले, तेवढं दिसलं.”

पालात कोणीच बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, कारण आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हाताऱ्याचा प्रश्न खरा होता. दुःख सोसलेल्या माणसाला ‘दुःखाने शहाणपण येते’ असे सांगणे फार सोपे असते आणि पुष्कळदा ते खोटेही असते. म्हणून या लेखात त्या प्रश्नाचा विचार आम्ही संतांच्या चरित्रांतून करू पाहतो.

पहिले चरित्र नामदेवरायांचे. ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे, परंतु तिच्यातील एक बारीक गोष्ट ऐकता ऐकता निसटते. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताई, नामदेव, सारे होते. मुक्ताईंनी काकांचे थापटणे पाहिले आणि विचारले, “काका, हे कशाचे?” काका म्हणाले, “याने मडके कच्चे की पक्के ते कळते.” मुक्ताई म्हणाल्या, “मग इथली मडकी पाहा बरे!” काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. सगळे निवांत बसून राहिले. नामदेवराय मात्र रागावले. काकांनी निवाडा दिला, “एवढे मडके कच्चे!” मंडळी हसली.

आता असे पाहा. त्या बैठकीत यश कोणाचे मोठे होते? देव ज्यांच्याशी बोलतो, देव ज्यांच्या हातचे जेवतो, अशी ज्यांची कीर्ती, ते नामदेवराय. भक्तिमार्गात याहून मोठे यश कोणते? तरी त्या यशाने त्यांना त्यांचा कच्चेपणा दाखविला नाही, उलट झाकला. ज्याचे सारे नीट चालले आहे त्याला थांबून स्वतःकडे पाहण्याचे कारणच पडत नाही. पीक आले की आपण म्हणतो, आमची मेहनत. मुलगा परीक्षेत वर आला की म्हणतो, आमचे वळण. पाऊस, शेजारी, गुरुजी, बायकोचे कष्ट, यांतले काही त्या वेळी आठवत नाही. यशाचा दोष एवढाच की ते प्रश्न विचारीत नाही.

आणि आता ती निसटणारी गोष्ट. थापटण्याच्या घावाने नामदेवराय पक्के झाले काय? नाही. कुंभाराला विचारा. मडके चाकावरून उतरते, थापटून आकाराला येते, सुकते, मग आव्यात भाजते. भाजलेले मडके वाजविले तर खणखणते, कच्चे बद्द वाजते. वाजविल्याने मडके भाजत नाही, ते कसे आहे एवढेच कळते. कच्चे मडके आणखी जोराने वाजविले तर पक्के होण्याऐवजी फुटते!

संकटाचेही असेच आहे. संकट शिकवीत नाही, संकट दाखविते. शिकणे त्याच्या पुढचे आहे. नामदेवराय त्या दिवशी रुसून पंढरीला गेले, देवापाशी गाऱ्हाणे केले. देवाने त्यांचे सांत्वन करून विषय संपविला नाही. गुरु करण्यास सांगून त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्या नागनाथाच्या देवळात शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला तो म्हातारा, “जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव” असे म्हणाला, आणि अशी जागा काही नामदेवरायांना सापडेना. मडके भाजले ते तेथे. हे विसोबा एके काळी आळंदीला ज्ञानदेवांचा व त्यांच्या भावंडांचा द्वेष करीत असत, असे परंपरा सांगते. म्हणजे भाजणारा स्वतः आव्यातून निघालेला होता. पुढे नामदेवराय पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आज आदराने गायिली जातात. तेरढोकीला रागावलेला मनुष्य रागातच राहिला असता, तर हे घडते ना!

दुसरे चरित्र तुकोबारायांचे, आणि म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. शके १५५२ च्या सुमारास, म्हणजे इ.स. १६३० च्या आसपास, दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. देहूच्या सावकारी घरातील तुकोबांचे आईबाप आधीच गेलेले. दुष्काळात पहिली बायको रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. हा दुष्काळ एकट्या तुकोबांवर आला होता काय? गावेच्या गावे ओस पडली. हजारो लोक मेले, हजारो उरले. उरलेले सारे संत झाले नाहीत, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. उपाशी पोटाला शहाणपणाची परीक्षा घालणारे आपण कोण?

मग तुकोबांनी वेगळे काय केले? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. एक, समोर मोडके पडलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त करावयास घेतले. घर मोडले असता मनुष्याने हाताला एखादे काम धरावे, हे त्यांनी जाणले. दोन, त्यांनी आधीच्या संतांची वचने पाठ केली. एकट्याच्या डोक्याने ते दुःखाचा अर्थ लावीत बसले नाहीत. आणि तीन, लोकांनी सावकारीत लिहून दिलेली खते त्यांनी इंद्रायणीत टाकली. भावाचा वाटा त्याला देऊन, स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडविली. या तिसऱ्या गोष्टीपाशी आम्ही पुनःपुन्हा थांबतो. दुष्काळात पोळलेला सावकार दुसऱ्या दिवशी दुप्पट वसुलीला निघू शकतो, कारण त्याचेही बुडालेले असते. तुकोबांना आपल्या भुकेतून कुळाची भूक कळली. संकटाने शिकविले की नाही, याची खूण हीच होय. स्वतःच्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख कळू लागले, तर शिकणे झाले. नुसते मन कडू झाले, तर मडके वाजले, पण आव्यात गेले नाही.

तुकोबांपुढे यशही आले. शिवरायांनी पाठविलेला नजराणा त्यांनी परत केला, असे आपण सांगत आलो आहो. थापटणे सोन्याचे असले तरी पक्के मडके खणखणीतच वाजते. तात्पर्य, यशही शिकविते, पण ते भाजलेल्याला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही दुःखे देवाने पाठविलेली नसतात, ती माणसांनी दिलेली असतात. चोखोबारायांना देवळाबाहेर उभे राहावे लागले. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे. ‘त्या दुःखाने चोखोबा मोठे झाले’ असे म्हणून जो हात झटकतो, तो आपल्या दोषाला गुरुपद देतो. तो घाव खरे तर दार लावणाऱ्यांना शिकविण्याकरिता होता आणि ते फार उशिरा शिकले. साने गुरुजींना इ.स. १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. म्हणून दुसऱ्याचे दुःख पाहून ‘तो शिकेल’ असे म्हणू नये. आपण काय शिकलो, ते पाहावे.

असो. मग संघर्ष अधिक शिकवितो की यश? आमचे उत्तर असे: यश झाकते, संकट उघडे करते, म्हणून संकटाचा उपकार थोडा अधिक. पण उघडे पडलेले कोणापाशी तरी घेऊन जावे लागते. गुरूपाशी, संतवचनापाशी, निदान शेजारच्या पालातल्या माणसापाशी. त्या म्हाताऱ्याच्या गावावर थापटणे पडले, मडकी बद्द वाजली आणि जो तो आपापल्या घरात दार लावून बसला. उणे होते ते एवढेच.

दुसऱ्या दिवशी वाटचालीत आम्ही त्यांना हे बोलून दाखविले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे भावाकडं जायाला पाहिजे.” आम्ही म्हटले, “वारी करून परत गेल्यावर जा.” ते म्हणाले, “त्यो बी वारीतच हाय की. मागल्या दिंडीत.” दुपारच्या विसाव्याला त्यांची जागा रिकामी दिसली. संध्याकाळी ते आले तेव्हा बरोबर आणखी एक म्हातारा होता. दोघांचे नाक सारखे होते.

आपल्यात म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. दिंडीत चालणाऱ्याला तिचा अर्थ सांगावयास नको. पुढचा ठेचकाळला की मागचा पाऊल जपून टाकतो. प्रत्येकाने स्वतःचाच अंगठा फोडून घेतला पाहिजे असे नाही. नामदेवरायांना, तुकोबारायांना लागलेल्या ठेचा आपल्याला रोज कीर्तनात ऐकावयास मिळतात, त्या याचसाठी. मात्र मागच्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत, आणि आपल्याला ठेच लागली तर मागच्याला मोठ्याने सांगितले पाहिजे, “माउली, दगड हाय, जपून!”

रामकृष्णहरी.