दोन पोतांची एक शाल

घोंगडी तुम्ही पाहिली आहे. तेलुगूत तिला गोंगडी म्हणतात. महाराष्ट्रात धनगर आणि आपल्याकडे तेलंगणात कुरुमा समाज ज्या दख्खनी मेंढ्या पाळतो, त्यांच्या काळ्या लोकरीची ती असते. आता मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळतात. लोकर नसलेली नेल्लोर जात पसरली, कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही आणि सूत कातणारे हातही कमी झाले. म्हणून हस्तकलेच्या तासाला ॲक्रिलिक नको, हातकताईचे सूत घेऊ.

घोंगडी मागावर विणतात; आपण सुयांवर विणू. (हिंदीत सुईला सलाई म्हणतात, तो शब्द मला अधिक आवडतो.) सूत दोन प्रकारचे घ्यावे. एक मोठ्या मेंढीचे, राठ. दुसरे कोकराच्या पहिल्या कातरणीचे, म्हणजे जावळाचे, मऊ. राठ लोकर मानेला टोचते. पण तिच्या वजनाने शालीची टोके नीट खाली राहतात. तेव्हा दोन्ही टोकांना 60-60 सेंमी राठ आणि मध्ये, मानेवर येणारे 40 सेंमी जावळ. सर्व ओळी सुलट विणाव्यात. अशी वीण कडेला गुंडाळत नाही आणि सुताचा जाडेबारीकपणाही तिच्यात खपून जातो.

घाई इथे नडते. दोन्ही सुतांचे नमुने विणा, कोमट पाण्यात धुवा, वाळवा, मगच टाके मोजा. दोन्ही लोकरी सारख्याच आटतील असे नाही. समजा, धुतलेल्या राठ नमुन्यात 10 सेंमीत 14 टाके आले आणि जावळाच्या नमुन्यात 16. शालीची रुंदी 50 सेंमी हवी. त्रैराशिक मांडा : राठ भागाला 70 टाके, मऊ भागाला 80. म्हणजे सूत बदलताना पहिल्या ओळीत दर 7 टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा. परतताना दर 8 टाक्यांतले शेवटचे दोन एकत्र विणायचे. हे गणित न करता विणलेली शाल मध्येच आवळते.

सूत बदलताना बोटभर टोक सोडून ते मागून ओवून घ्यावे. शेवटचे टाके सैल बंद करावेत. शाल पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि चादरीवर पसरून सावलीत वाळवावी.