ठरलेल्या खर्चात सायकलची चाके कशी निवडावी?

परंडा, भूम, बार्शी या भागात सायकल म्हटली की ओझ्याची काळी सायकल डोळ्यांसमोर येते. कापडाचे गाठोडे मागच्या कॅरिअरवर आवळून बाजाराच्या गावी जाणारे फेरीवाले आमच्या धंद्याने पाहिले आहेत. आता व्यापारी घरांतील तरुण बारीक टायरची, गियरची रोड सायकल घेतात आणि काही महिन्यांत हलक्या चाकांची मागणी करतात. या चाकांची किंमत कधी कधी सायकलच्या निम्म्यावर जाते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी माल कसा पारखावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. सायकल दुरुस्तीच्या कारीगरांनाही तो उपयोगी पडेल.

प्रथम वजनाचा हिशेब मांडू. समजा, स्वार ७० किलोचा, सायकल १० किलोची, पाणी व सामान ५ किलो. एकूण ८५ किलो. नवी जोडी जुनीपेक्षा ४०० ग्रॅमने हलकी आहे. म्हणजे एकूण वजनात अर्धा टक्काही फरक पडला नाही. तासभराच्या घाटात त्यामुळे फार तर १७ सेकंद वाचतील. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना तर हा फरक जवळजवळ जाणवणारच नाही, कारण तेथे खरा विरोध वाऱ्याचा असतो. या जोडीला २०,००० रुपये पडले, तर प्रत्येक ग्रॅमचा भाव ५० रुपये झाला. हा सौदा परवडतो का, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र केवळ 'हलके' या शब्दावर पैसे देऊ नयेत. दुकानात चाके काट्यावर ठेवून घ्यावीत. छापील वजनात रिमची पट्टी आणि ॲक्सलचा खटका बहुधा धरलेला नसतो.

दुसरी गोष्ट मापाची. कापडात पन्हा चुकला तर सदरा बेतत नाही, तसेच येथे आहे. ओझ्याच्या सायकलची २८ इंची रिम टायर बसतो तेथे ६३५ मिलिमीटर असते. रोड सायकलची ७०० सी रिम ६२२ मिलिमीटर असते. दोन्हींच्या टायरवर २८ हा आकडा दिसू शकतो, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. रिमला ब्रेक लागणाऱ्या रोड सायकलचा मागचा हब १३० मिलिमीटर रुंद असतो. डिस्क ब्रेकच्या सायकलला खटक्याचा ॲक्सल असेल तर १३५ आणि आरपार ॲक्सल असेल तर १४२. डिस्क सहा बोल्टने बसते की मधल्या एका कड्याने, हेही पाहावे. स्वस्त सायकलींत मागे सात गियरचा, आट्यांवर फिरवून बसणारा फ्रीव्हील असतो. तो नव्या पद्धतीच्या हबवर चढत नाही. वेगळी कॅसेट आणि तिच्यामागे जाड वॉशर घ्यावा लागतो. हा खर्च आधीच धरावा. हुकलेस रिमवर त्यासाठीच मान्य असलेला टायर लागतो आणि हवा ७२ पौंडांच्या पुढे भरता येत नाही.

तिसरी गोष्ट तारांची. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये इंग्लंडात तिरक्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. आजचे चाक त्याच तत्त्वावर चालते. पायडलचा जोर हबमधून रिमपर्यंत पोचवायला तिरक्या तारा लागतात. नेहमीच्या बांधणीत प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते, पहिल्या दोघींच्या एका बाजूने आणि तिसरीच्या दुसऱ्या बाजूने. कापडवाल्याला ही वीण लगेच समजेल. विणीप्रमाणे येथेही सारा भरवसा सारख्या ताणावर आहे. एक तार सैल आणि शेजारची कडक असेल तर चाक आऊट होते आणि तार बहुधा हबजवळच्या वाकड्या मानेशी तुटते. चाक घेताना एका बाजूच्या तारा बोटाने छेडाव्यात. आवाज जवळपास सारखा यावा. मध्ये बारीक केलेल्या तारा किंचित लवचिक असल्याने जास्त टिकतात. पितळी निप्पल ॲल्युमिनियमपेक्षा वजनदार, पण टिकाऊ.

तारा किती असाव्यात? याचे उत्तर लांब पल्ल्याच्या स्वारांकडून घ्यावे. पुण्याहून गोव्याला जाणारी डेक्कन क्लिफहँगर शर्यत सुमारे ६४३ किलोमीटरची आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. ब्रेव्हे नावाच्या सफरीत २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. मदतीची गाडी फक्त ठरलेल्या ठिकाणीच चालते, वाटेत नाही. अशा वेळी ३२ तारांच्या चाकाची एक तार तुटली तरी निप्पल फिरवून घरी येता येते. २० तारांचे चाक मात्र एवढे आऊट होऊ शकते की ब्रेकला घासते. आपल्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर, जड स्वारासाठी, मागे ३२ आणि पुढे २८ किंवा ३२ तारा हाच शहाणा सौदा.

आता पैशाची विभागणी. पहिला खर्च जुन्या चाकावर करावा. आऊट काढून तारांचा ताण सारखा करून घ्यावा, छर्रे आणि कोन साफ करून ग्रीस भरावे. दुसरा खर्च चांगल्या टायर-ट्यूबवर. कमी पैशात सायकल मोकळी पळवणारी याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ मिलिमीटरचा टायर घ्यावा. त्यानंतर पैसे उरले तरच नवी चाके. अपवाद एकच. ब्रेकने रिमची बाजू झिजून खोलगट झाली असेल, तर ती रिम ताबडतोब बदलावी. तेथे प्रश्न जिवाचा आहे. रिमच्या ब्रेकवर स्वस्त कार्बनची चाके घेऊ नयेत. उतारावर तापून ती बिघडण्याचा धोका असतो.

शेवटी कारीगर बांधवांसाठी. तयार चाके आज डब्यात बंद येतात, पण हब, रिम आणि तारा सुट्या आणून चाक बांधणारा हात तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. ज्याला सारख्या ताणाचे चाक बांधता येते, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुरून येईल. त्याने बांधलेले ३२ तारांचे चाक तुटले तरी एका तारेच्या किमतीत पुन्हा उभे राहते. डब्यातल्या चाकाची तार मात्र शहरातून मागवावी लागते आणि तोवर सायकल भिंतीला टेकून राहते. गिऱ्हाइकाला गरज नसेल तेथे 'तुमची चाके चांगली आहेत, फक्त टायर बदला' असे सांगणारा दुकानदार आजची विक्री सोडतो, पण गिऱ्हाईक कायमचे जोडतो.