सालबर्डीचीं अंडीं आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

वाचावयाचे पाठ: उत्पत्ति 1 व 2, स्तोत्र 104, प्रेषितांचीं कृत्यें 17:22–28



अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं सालबर्डी हें गांव आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळें तें वऱ्हाडांत सर्वांस ठाऊक आहे. त्या परिसरांतील खडकांत भूगर्भशास्त्रज्ञांस डायनोसॉर नामक लुप्त झालेल्या प्रचंड प्राण्याचें हाड व दगड बनलेल्या अंड्यांचें घरटें आढळलें. त्यांचे वृत्तांत 2013 व 2015 सालीं प्रसिद्ध झाले. ज्या थरांत तीं सांपडलीं, तो थर आपल्या काळ्या पाषाणाच्या खालचा आहे. हा पाषाण म्हणजे भूमीच्या भेगांतून वाहून थिजलेला लाव्हारस होय. त्याचें वय सुमारें 6 कोटी 60 लाख वर्षें ठरलें आहे. आपली कपाशीची काळी जमीन त्याच्याच झिजेपासून झाली.

आपलीं मुलें हें शाळेंत शिकतात, रविवारीं मंडळींत सहा दिवसांची कथा ऐकतात, आणि विचारतात, “खरें कोणतें?” “शाळेंतलें खोटें,” असें उत्तर देणारे उपदेशक आहेत. त्यांचा हेतु चांगला असेल, पण उत्तर धोक्याचें आहे. उद्यां तो मुलगा तें दगडी अंडें स्वतः पाहील. मग ज्यानें खडकाविषयीं चुकीचें सांगितलें, त्यानें ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयींही चुकीचेंच सांगितलें असेल, असें त्यास वाटेल. पांचव्या शतकाच्या आरंभीं बिशप ऑगस्टीन यानें उत्पत्तीवरील आपल्या भाष्यांत हाच इशारा दिला होता.

तर शास्त्र काय सांगतें तें नीट पाहूं. पहिली गोष्ट: पृथ्वीचें वय शास्त्रांत कोठेंही दिलेलें नाहीं. ख्रिस्तपूर्व 4004 हें साल आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर यानें 1650 सालीं वंशावळींवरून गणित करून काढिलें. पुढें तें इंग्रजी बायबलांच्या समासांत छापलें गेलें. समास हें वचन नव्हे. दुसरी गोष्ट: सूर्य चौथ्या दिवशीं नेमिला गेला, मग पहिले तीन दिवस कोणत्या घड्याळानें मोजावे? जो इब्री शब्द, ‘योम’, एकेका दिवसास लाविला आहे, तोच 2:4 मध्यें निर्मितीच्या सर्व काळास लाविला आहे. तिसरी गोष्ट: देव भूमीलाच वनस्पति व जीव उपजविण्याची आज्ञा देतो (1:11, 24). म्हणजे देव साधनांच्या द्वारें काम करितो.

हें शेतकऱ्यास कठीण वाटूं नये. ज्वारी बियाण्यानें व पावसानें येते हें तो जाणतो, तरी ताटावर बसतां देवाचे उपकार मानितो. बाळ गर्भांत कसें वाढतें हें सुईण जाणते, तरी देवानेंच आपणांस मातेच्या उदरांत घडविलें, हें स्तोत्रकर्त्याचें म्हणणें (139:13) ती नाकारीत नाहीं.

“पण मनुष्य पशूंच्या वंशांतून आला कसा म्हणावें?” हा प्रश्न खरोखर कठीण आहे. आदामाची कथा कशी समजावी याविषयीं भक्तिमान विद्वानांतही मतभेद आहेत. तथापि शास्त्रानेंच मनुष्यास व पशूंस एकाच मातीचे म्हटलें आहे (2:7, 19). देवाची प्रतिमा हाडांत नाहीं. देवास ओळखण्यांत व त्यास जबाब देण्यांत आहे. आपलें पाप तर खडक फोडून शोधावें लागत नाहीं. तें अंतःकरणांत वाचतां येतें.

आणखी एक गोष्ट आनंदाची आहे. आज पृथ्वीवर असलेलीं सर्व माणसें एकाच मूळ मानवकुळांतील असून त्याचा उगम सुमारें 3 लाख वर्षांपूर्वीं आफ्रिकेंत झाला, असें विज्ञान सांगतें. पौलानें अथेनैत हीच एकता गाजविली (17:26). तुम्ही जन्मानें हीन आहां, असें आपल्या वाडवडिलांस सांगितलें गेलें. त्यास दोघांचीही साक्ष विरुद्ध आहे.

विज्ञानालाही मर्यादा आहे. अंडें किती जुनें हें तें सांगतें. जग कोणाचें आणि कशासाठीं, हें मोजण्याचें माप त्याजपाशीं नाहीं. कोणी विज्ञानाच्या नांवानें “देव नाहीं” म्हणेल, तर तो आपल्या शेताचा बांध ओलांडतो. आणि उत्पत्तीच्या पुस्तकावरून खडकाचें वय ठरविणाराही तोच बांध ओलांडतो.

उपदेशक बंधूंनो, मुलानें विचारिलें तर रागावूं नका. “मला ठाऊक नाहीं” असें म्हणण्यानें विश्वास लहान होत नाहीं. असत्य बोलण्यानें मात्र होतो.

विचारासाठीं प्रश्न:
1. 4004 हें साल कोणीं व कशावरून काढिलें?
2. उत्पत्ति 1:24 मध्यें देव कोणास आज्ञा देतो? त्यावरून काय शिकावें?
3. शाळेंतून आलेल्या मुलाच्या प्रश्नास तुम्हीं यापूर्वीं काय उत्तर दिलें? आतां काय द्याल?